पहाटेचं विमान, रात्रीची खोली: विमानतळाजवळच्या बिझनेस हॉटेलातला मुक्काम कसा आखावा

विमानतळाजवळच्या हॉटेलात हौसेनं राहायला क्वचितच कुणी जातं. पहाटेचं विमान असतं, मधल्या थांब्यात नऊ तास काढायचे असतात, किंवा मीटिंगच शेजारच्या इमारतीत असते, म्हणून आपण तिथे जाऊन पडतो. कामानिमित्त अशा खोल्यांमध्ये मी बऱ्याच रात्री काढल्यात, आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळली. इथे आपण खोलीचे पैसे देत नाही, झोपेच्या तासांचे देतो. हे डोक्यात बसलं की हॉटेल कोणतं घ्यावं, शटलची (म्हणजे हॉटेल ते विमानतळ फेऱ्या मारणाऱ्या गाडीची) वाट बघावी की टॅक्सी करावी, नाश्त्याचे जास्तीचे पैसे भरावेत का, ही सगळी कोडी आपोआप सुटायला लागतात.

आधी उलटं गणित मांडा

हॉटेल शोधण्याआधी कागद घ्या आणि विमानाच्या वेळेपासून मागे मोजत या. समजा विमान सकाळी ६:१० ला आहे आणि प्रवास आंतरराष्ट्रीय आहे. बऱ्याच कंपन्या सामान घेण्याचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद करतात, म्हणजे ५:१० ला. त्याआधीची रांग धरून टर्मिनलवर ३:४० ला हजर राहायचं ठरवलं. शटल अर्ध्या तासानं सुटते, पोहोचायला पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे ३:०० ची गाडी गाठायची आणि २:२० ला उठायचं.

आता आदली रात्र. विमान उतरलं ९:३० ला. इमिग्रेशन आणि बॅगा आटोपून बाहेर यायला १०:१५. शटलची वाट आणि प्रवास धरून हॉटेलात ११:००, रिसेप्शनवरची रांग धरून खोलीत ११:१५, अंथरुणात ११:४५. झोप किती? दोन तास पस्तीस मिनिटं.

हेच हॉटेल टर्मिनलला जोडलेलं असतं तर? १०:१५ ला बाहेर, पाच-दहा मिनिटं चालून रिसेप्शन, १०:४० ला खोलीत, ११:१० ला झोप आणि ३:०५ ला उठणं. तीन तास पंचावन्न मिनिटं. दोन हॉटेलांच्या दरातला फरक म्हणजे या ऐंशी मिनिटांची किंमत. ती तुम्हाला परवडते का, हे तुम्हीच ठरवा. दुसऱ्या दिवशी उतरल्या उतरल्या सादरीकरण असेल तर मी डोळे झाकून देतो. घरी परतत असेन तर देत नाही.

गणित मांडल्यावर अंथरुणातले तास चारापेक्षा कमी येत असतील तर पूर्ण रात्रीची खोली घेण्याआधी दोनदा विचार करा. तासांवर मिळणारी खोली, किंवा शॉवर आणि आरामखुर्च्या असलेलं लाउंज अशा वेळी जास्त शहाणपणाचं ठरतं.

हॉटेल नेमकं कुठे आहे?

‘विमानतळाजवळ’ या एका शब्दाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली, इमिग्रेशनच्या आतली ट्रान्झिट हॉटेलं. दोहाच्या हमाद विमानतळावरचं ओरिक्स एअरपोर्ट हॉटेल हे याचं उदाहरण. विमान बदलणारा प्रवासी बाहेर न पडता थेट तिथे जातो. इथे खोल्या बऱ्याचदा तासांच्या हिशेबानं मिळतात. दुसरी, टर्मिनलला खेटून असलेली पण इमिग्रेशनच्या बाहेरची. म्युनिकला हिल्टन दोन टर्मिनलांच्या मधोमध आहे, लंडनच्या हीथ्रोला सोफिटेल टर्मिनल ५ ला पादचारी मार्गानं जोडलेलं आहे, सिंगापूरच्या चांगीला क्राऊन प्लाझा टर्मिनल ३ ला लागून आहे. न्यूयॉर्कच्या जेएफकेवर तर एरो सारिनेननं घडवलेल्या १९६२ च्या टर्मिनलच्या इमारतीलाच २०१९ मध्ये हॉटेलचं रूप मिळालं. तिसरी म्हणजे शटलवाली, आणि संख्येनं हीच सर्वात जास्त.

पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारातली गल्लत महागात पडते. टर्मिनलला खेटून असलेल्या हॉटेलात जायचं तर त्या देशात प्रवेश करावा लागतो, म्हणजे तुमच्या पासपोर्टाला व्हिसा लागत असेल तर तो हवा. आणि अमेरिकेत केवळ विमान बदलायलासुद्धा इमिग्रेशन पार करावंच लागतं, त्यामुळे तिथे ‘आतल्या आत’ हा पर्यायच नाही.

दुसरी गल्लत सामानाची. बॅग थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत दिली असेल तर रात्री ती तुमच्या हातात येणार नाही. बॅगेच्या पट्टीवर कोणत्या विमानतळाची तीन अक्षरं छापली आहेत ते काउंटरवरच बघा. बॅग पुढे जाणार असेल तर रात्रीचे कपडे, औषधं, चार्जर, दात घासायचं सामान आणि सकाळचा शर्ट हातातल्या पिशवीत घ्या.

शटलवाल्या हॉटेलांत नकाशा उघडल्याशिवाय पैसे भरू नका. जाहिरातीतलं ‘२ किलोमीटर’ बऱ्याचदा सरळ रेषेतलं असतं. मध्ये धावपट्टी आडवी आली की रस्ता तिला वळसा घालून जातो आणि दोनाचे सात किलोमीटर होतात. विमानतळ मोठा असेल तर टर्मिनल कोणतं हेही बघा. आणि शहराला एकाहून जास्त विमानतळ असतील तर दोन्ही तिकिटांवरची तीन अक्षरं ताडून पाहा. टोकियोचा हानेदा शहरातच आहे, नारिता शहराच्या मध्यापासून ६० किलोमीटरच्या आसपास. ‘टोकियो एअरपोर्ट हॉटेल’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

जाता जाता एक गंमत. मोटारींच्या हेन्री फोर्डनं १९३१ मध्ये अमेरिकेतल्या डिअरबॉर्नला आपल्या विमानतळासमोर प्रवाशांसाठी डिअरबॉर्न इन बांधलं. विमानतळाच्या आसऱ्यानं उभ्या राहिलेल्या अगदी सुरुवातीच्या हॉटेलांपैकी ते एक. विमानतळ केव्हाच बंद झाला, हॉटेलची इमारत मात्र अजून उभी आहे.

बुकिंग: तारखेचा सापळा

हा सापळा मी स्वतः भोगलाय. विमान १५ तारखेला रात्री १२:४० ला उतरणार होतं, म्हणून मी १५ तारखेची खोली घेतली. दीडच्या सुमाराला रिसेप्शनवर पोहोचलो, तर तिथल्या बाईंनी फार नम्रपणे सांगितलं, “सर, तुमची खोली आज दुपारी तीनपासून आहे.” त्या रात्रीसाठी वेगळे पैसे भरले, तेही ऐन वेळच्या दरानं. हॉटेलचा काहीच दोष नव्हता. मध्यरात्रीनंतर पोहोचणार असाल तर बुकिंग आदल्या तारखेचं करायचं. १५ च्या पहाटे झोपायचंय, तर १४ ची रात्र घ्या.

पण तेवढ्यानं भागत नाही. हॉटेलं रात्री साधारण एक ते तीनच्या दरम्यान दिवसाचा हिशेब बंद करतात. त्याला नाइट ऑडिट म्हणतात. तोवर जो पाहुणा आला नाही त्याच्यावर ‘नो-शो’चा शिक्का बसू शकतो, एका रात्रीचे पैसे कापले जातात आणि खोली दुसऱ्याला जाऊ शकते. कार्डाची हमी न देता केलेलं बुकिंग तर कित्येक ठिकाणी संध्याकाळी सहानंतर धरूनच ठेवत नाहीत. म्हणून दोन गोष्टी करा: बुकिंग करताना विमानाचा क्रमांक आणि हॉटेलात पोहोचण्याची अंदाजे वेळ लिहा, आणि विमानाला उशीर होतोय असं दिसलं की निघण्याआधीच हॉटेलला फोन करा. फोन शक्यतो त्या हॉटेलच्या रिसेप्शनला, साखळीच्या मध्यवर्ती क्रमांकाला नाही.

दराबाबत माझं मत ठाम आहे. इतर कुठेही ‘परतावा नाही’वाला स्वस्त दर घ्या, विमानतळाच्या हॉटेलात घेऊ नका. इथला मुक्काम विमानाच्या शेपटीला बांधलेला असतो, आणि विमानं रद्द होतात. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत फुकट रद्द करता येणारा दर थोडा महाग असला तरी तोच घ्यावा. थेट हॉटेलकडून बुकिंग केलं तर रात्री अकराला तारीख बदलून देण्याचा अधिकार समोरच्या माणसाकडे असतो. मधल्या संकेतस्थळावरून केलं की तो हात वर करतो: “तुम्ही त्यांच्याशीच बोला.” बिझनेस हॉटेलं कामाच्या दिवसांत भरतात आणि शनिवार-रविवारी रिकामी होतात, त्यामुळे सुटीच्या रात्री तेच पैसे बऱ्याचदा चांगल्या खोलीला पुरतात.

खोली कोणती मागायची

इथे थोडा वेळ काढा, कारण सगळा खेळ आवाजाचा आहे.

विमानं उडताना आणि उतरताना वाऱ्याला सामोरी जातात. वारा बदलला की धावपट्टीचं वापरायचं टोकही बदलतं. म्हणून ‘मी गेल्या वेळी राहिलो तेव्हा अगदी शांत होतं’ या कुणाच्या अनुभवावर फार विसंबू नये. त्यापेक्षा नकाशावर धावपट्टी बघा. तिच्यावरचा आकडा दिशेचा असतो: ०९ म्हणजे ९० अंश, पूर्वेकडे तोंड, आणि त्याच पट्टीचं दुसरं टोक २७, म्हणजे पश्चिमेकडे. ही रेघ दोन्ही बाजूंना मनातल्या मनात पुढे ओढा. त्या रेघेखाली येणाऱ्या हॉटेलावरून विमानं अगदी खालून जातात. तेवढ्याच अंतरावर पण धावपट्टीच्या बाजूला असलेलं हॉटेल सहसा बरंच शांत असतं. जवळ असणं आणि गोंगाट असणं, या दोन गोष्टी एक नाहीत.

खिडक्या चांगल्या असतील तर विमानांचा आवाज खरं तर फारसा छळत नाही. झोप मोडतात ती माणसं: लिफ्टची घंटा, पहाटे चारला ओढत नेल्या जाणाऱ्या बॅगांची चाकं, शेजारच्या खोलीतला टीव्ही. दोन खोल्यांना जोडणारं मधलं दार असेल तर तिथून शब्दन् शब्द ऐकू येतो. म्हणून बुकिंगच्या वेळी निरोपाच्या चौकटीत एवढंच लिहा: ‘लिफ्टपासून लांब, मधलं दार नसलेली, धावपट्टीच्या विरुद्ध बाजूची खोली मिळाल्यास बरं. पहाटे तीनला निघायचं आहे.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण वाचणाऱ्याला विनंतीमागचं कारण कळतं. रिसेप्शनवर तोंडी पुन्हा सांगा. विनंती म्हणजे हमी नव्हे, पण न मागणाऱ्याला बहुतेक वेळा उरलेलीच खोली मिळते.

उतरल्यापासून खोलीपर्यंत

शटलबद्दल चार प्रश्न निघण्याआधीच विचारून ठेवा: गाडी कोणत्या वेळेत चालते, किती वेळानं सुटते, नेमकी कुठे थांबते, आणि पैसे पडतात का. ‘२४ तास’ याचा अर्थ कधीकधी ‘रात्री बाराच्या पुढे फोन केलात तर येऊ’ असा असतो. थांबा बऱ्याचदा टॅक्सीच्या रांगेपासून वेगळ्या मजल्यावर असतो, आणि एकच गाडी तीन-चार हॉटेलं करत जाते. उतरल्यावर वीस मिनिटांत गाडी आली नाही तर मी टॅक्सी करतो. झोपेच्या हिशेबात ती स्वस्तच पडते.

रिसेप्शनवर पहिलं काम सकाळच्या शटलमध्ये नाव नोंदवणं, चावी त्यानंतर. जागा मर्यादित असतात आणि पहाटेच्या गाड्या आधी भरतात. त्यानंतर उठवण्याचा फोन सांगा.

कार्ड दिलं की हॉटेल खोलीच्या भाड्याशिवाय वरची काही रक्कम अडकवून ठेवतं. ही रक्कम कापलेली नसते, पण वापरताही येत नाही. क्रेडिट कार्डावर याचा त्रास जाणवत नाही. डेबिट कार्डावर मात्र खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सुटायला कित्येक दिवस लागू शकतात, म्हणून शक्यतो डेबिट कार्ड देऊ नका. परदेशात कार्ड यंत्रानं ‘तुमच्या चलनात भरायचं का’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि तिथल्या स्थानिक चलनातच भरा. त्या ‘सोयी’त विनिमयाचा दर सहसा तुमच्या तोट्याचाच असतो.

खोलीचा क्रमांक रिसेप्शनवर मोठ्यानं बोलला गेला आणि आजूबाजूला गर्दी असेल, तर दुसरी खोली मागायला संकोचू नका. चांगली हॉटेलं क्रमांक लिहून देतात.

चावीचं कार्ड चुंबकीय पट्टीचं असेल तर ते मोबाइलच्या चुंबकवाल्या कव्हरपासून लांब ठेवा. ही कार्डं पुन्हा पुन्हा लिहिता यावीत म्हणून त्यांची पट्टी मुद्दाम कमी ताकदीची असते. बँकेच्या कार्डाची पट्टी सहज पुसली जात नाही, हिची जाते. रात्री साडेअकराला बंद दारापुढून पुन्हा खाली जाणं म्हणजे झोपेची दहा मिनिटं गेली.

खोलीत शिरल्यावरची पहिली दहा मिनिटं

बॅग पलंगावर टाकू नका. ती बाथरूमच्या फरशीवर ठेवा, गादीच्या शिवणी आणि डोक्याकडची फळी मोबाइलच्या उजेडात बघा. ढेकणांचे काळपट ठिपके दिसले तर तिथेच खोली बदलून घ्या. दाराच्या आतल्या बाजूला सुटकेचा नकाशा असतो. जिन्यापर्यंत किती दारं लागतात ते एकदा मोजून या. धुरात क्रमांक दिसत नाहीत, भिंतीला हात लावत दारं मोजता येतात.

मग झोपेची तयारी. उशाशी घड्याळ असेल तर त्याचा गजर बंद आहे ना ते बघा. आधीच्या पाहुण्यानं लावलेल्या गजरानं मला एकदा पहाटे सव्वाचारला उठवलंय, आणि माझं विमान दुपारी होतं. पडद्यांच्या मधली फट कपाटातल्या चिमट्याच्या हँगरनं मिटवा. टीव्हीचा लाल दिवा टॉवेलनं झाका. एसी अंगावर येईल इतका नाही, पण पांघरूण घ्यावंसं वाटेल इतका थंड असू द्या. पंख्याचा गुणगुणाट सतत चालू राहिला तर बाहेरचे तुटक आवाज त्यात विरतात.

इतकं करूनही पहिल्या रात्री झोप कच्चीच लागली तर स्वतःला दोष देऊ नका. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्यापेक्षा जास्त सावध राहतो. राखणदारीच ती. कानात फोमचे बोळे घालून आणि तुमची नेहमीची उशीची खोळ सोबत नेऊन तो सावधपणा थोडा निवळतो, असा माझा अनुभव.

मोबाइलचा गजर लावताना एक घोळ होतो. विमानात फोन एअरप्लेन मोडवर टाकलेला असतो आणि उतरल्यावर तो तसाच राहिला तर घड्याळ जुन्याच देशाची वेळ दाखवतं. भिंतीवरच्या किंवा टीव्हीवरच्या घड्याळाशी ताडून पाहा. दोन गजर हवेतच, एक मोबाइलचा, दुसरा हॉटेलचा.

रात्री खोलीतला फोन वाजला आणि पलीकडचा म्हणाला, “रिसेप्शनवरून बोलतोय, तुमचं कार्ड चाललं नाही, क्रमांक पुन्हा सांगाल का?”, तर फोन ठेवा आणि स्वतः खाली जा, किंवा रिसेप्शनचा आकडा आपण फिरवा. झोपेत गुंगलेल्या माणसाला फसवायची ही जुनी युक्ती आहे.

काम आणि खाणं

वायफायचं लॉगिन पान उघडलंच नाही तर व्हीपीएन (इंटरनेटची जोडणी खासगी ठेवणारी सोय) थोडा वेळ बंद करा, लॉगिन झाल्यावर पुन्हा चालू करा. महत्त्वाची व्हिडिओ मीटिंग असेल तर खोलीतून आधी एकदा वेग तपासा, मोबाइलचा डेटा हाताशी ठेवा. प्लगचं अडॅप्टर विसरलात तर रिसेप्शनवर मागा. मागे राहिलेल्या अडॅप्टरांचा साठा त्यांच्याकडे असतो.

नाश्ता खोलीच्या दरात धरून घेण्याआधी तो किती वाजता सुरू होतो ते विचारा. सहा किंवा साडेसहा ही नेहमीची वेळ, म्हणजे पहाटेच्या विमानवाल्याला त्याचा उपयोग शून्य. पैसे आधीच भरले असतील तर आदल्या रात्री डबा बांधून मागा. त्यातला रस आणि दही सुरक्षा तपासणीच्या आधीच संपवा. १०० मिलिलिटरची मर्यादा जिथे लागू आहे तिथे ते आत नेऊ देत नाहीत.

विमानच रद्द झालं तर

रात्री दहाला विमान रद्द झालं की दोनशे माणसं एकाच काउंटरवर धावतात. रांगेत उभं राहा, पण त्याच वेळी फोनवरून जवळच्या हॉटेलांत खोली आहे का बघा. सगळ्यात आधी संपतात त्या टर्मिनलजवळच्या खोल्या. कंपनी खोली देणार का, ते तिथल्या नियमांवर ठरतं. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार रात्र काढावी लागत असेल तर हॉटेल आणि तिथवर जाण्या-येण्याची सोय विमान कंपनीनं करायची असते, मग कारण खराब हवामान का असेना. कंपनी हात झटकत असेल तर तिचा नकार लेखी घ्या, माफक दराची खोली स्वतः घ्या आणि पावत्या जपा. दावा करताना महागडी खोली घेतल्याचं समजावणं कठीण जातं.

लांबचा थांबा दिवसाचा असेल तर रात्रीच्या दरानं खोली घेऊ नका. कित्येक बिझनेस हॉटेलं सकाळी नऊ-दहा ते संध्याकाळी पाच-सहापर्यंत दिवसाची खोली कमी दरात देतात. संकेतस्थळावर ती दिसत नाही, फोनवर विचारावी लागते.

निघताना

बिल रात्रीच मागवा. पहाटे तीनला रिसेप्शनवर एकच माणूस असतो आणि त्याच्यापुढे तुमच्याच शटलची सात माणसं. कंपनीच्या नावे बिल हवं असेल तर नाव, पत्ता आणि कर नोंदणी क्रमांक चेक-इनच्या वेळीच द्या. नंतर बदलून घेणं म्हणजे ईमेलचा पाठलाग. मिनीबारमधलं काही घेतलं नसेल तर बिलात ते लागलेलं नाही ना ते बघा. काही फ्रिजांत बाटली नुसती उचलली तरी नोंद होते.

तिजोरीत पासपोर्ट ठेवला असेल तर उद्या घालायच्या बुटांपैकी एक त्याच्याबरोबर आत ठेवा. एका पायात बूट घालून कुणी विमानतळावर जात नाही. निघताना तीन ठिकाणी नजर टाका: पलंगामागचा प्लग, बाथरूमच्या दारामागची खुंटी, पांघरुणाची घडी. चार्जर, शर्ट आणि चश्मा याच तीन जागी राहतात.

घरी गेल्यावर बिलाची रक्कम आणि कार्डाच्या विवरणपत्रातली रक्कम ताडून पाहा. अडकवलेली जास्तीची रक्कम दोन आठवड्यांनंतरही सुटली नसेल तर आधी बँकेला विचारा. बऱ्याचदा हॉटेलनं ती केव्हाच मोकळी केलेली असते.